माघार नाही

"गेल्या वेळी जागा बायकांसाठी राखीव होती, म्हणून तुम्हाला ग्रामपंचायतीत धाडलं, वहिनी. आता ती खुली झालीय. माघार घ्या, माझा अर्ज आहेच," तहसील कचेरीच्या पायरीवर दीर म्हणाला.

सुरुवातीला छबूताईंच्या खुर्चीवर त्यांचा नवराच बसायचा. मग एका सभेत त्यांनी त्याला उठवलं, स्वतः बसल्या आणि भांडून टेकडीवरच्या वस्तीला नळ मिळवून दिला.

"ऐक त्याचं. घरात तंटा नको," नवरा पुटपुटला.

आत अधिकाऱ्याने सवयीने नवऱ्यालाच विचारलं, "बाईंची माघार ना?"

"साहेब, उमेदवार मी आहे, मला विचारा. माघार नाही," छबूताई म्हणाल्या.

"पडाल, वहिनी!" दीर दारातून ओरडला.

"लोकांनी पाडलं तर पडेन, भाऊजी. तुम्ही सांगितलं म्हणून नाही."