पत्नीच्या रकान्यात

अच्युत वारल्यापासून मृदुला दर महिन्याला स्मृतिकेंद्रात त्याच्याशी बोलायला येई. आज पडद्यावरचा अच्युत तिला पाहून हसला आणि म्हणाला, "ये हेमांगी."

हेमांगी ही त्याची कायद्याने बायको, केव्हाच सोडून गेलेली. संसार केला होता तो मृदुलाने, लग्नावाचून.

शेजारी उभा असलेला केंद्राचा तंत्रज्ञ अवघडला. "बाई, पूर्वी आम्ही अख्खा माणूस एकसंध साठवायचो. या महिन्यापासून आवाज, आठवणी, नाती वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवून जोडतो. घरातल्या सगळ्या आठवणी पत्नीला जोडल्या जातात, आणि पत्नी म्हणजे नोंदणीतली."

"मग जुना अच्युत?"

"पुसला. जागा पुरत नव्हती."

पडद्यावर अच्युत बोलतच होता. "हेमांगी, माझ्या आजारपणात तू किती जागलीस! चमच्याचमच्याने पेज भरवलीस."

"अरे, ती मी. मृदुला!"

त्याचं हसू मावळलं. परक्या बाईशी बोलावं तशा अदबीने त्याने विचारलं, "माफ करा, आपली ओळख?"

मृदुलाने पदराने डोळे टिपले आणि खुर्ची पुढे ओढली.

"गंमत केली रे," ती म्हणाली. "हेमांगीच आहे मी. बोल."