शेवटच्या शनिवारची धाव

लव्हेल गॅरेजपाशी पोचला तेव्हा सिस्टर अर्नेस्टीन एका गिऱ्हाइकाला वाटेला लावत होती. गाडी सुटी करून भाग विकायचा त्याचा बेत होता. सिस्टरनं त्याला केकचा तुकडा हातात देऊन निरोप दिला.

चर्चमधल्या थोरल्या बायकांना सगळे सिस्टरच म्हणत. मग ती लव्हेलकडे वळली. "तू चर्चमध्ये खालच्या पट्टीत गातोस ना? गेल्या रविवारी बेसूर होतास."

"सर्दी झाली होती, सिस्टर."

"सर्दी नाकाला होते, पोरा. कानाला नाही."

पन्नाशीचा लव्हेल पोरासारखा लाजला आणि आत शिरला. दाराच्या चौकटीला वर जुनं कांबळं गुंडाळलेलं होतं. रॉस्को रोज तिथं डोकं आपटून घ्यायचा, म्हणून आपणच ते बांधलं, असं सिस्टरनं सांगितलं. लव्हेल मात्र ताठ मानेनं खालून गेला.

आत अडुसष्ट सालची शेव्हेल गाडी उभी होती. इंजिन बाहेर, बॉनेट भिंतीला टेकवलेलं, रंग अर्धा खरवडून सोडलेला. सिस्टरचा नवरा रॉस्को इंजिन उघडून बसला आणि त्याच हिवाळ्यात देवाघरी गेला. त्याआधी गावाबाहेरच्या शर्यतीच्या पट्ट्यावर या गाडीनं भल्याभल्यांना धूळ चारली होती. फ्लिंट गावातले म्हातारे अजून सांगत की रॉस्को मोठा गर्विष्ठ. जिंकला तरी गाडीतून उतरायचा नाही, हेल्मेटसुद्धा काढायचा नाही.

लव्हेलनं लहानपणी कुंपणाला लोंबकळून ही गाडी पाहिली होती. तेव्हापासून ती त्याच्या मनातून उतरली नव्हती.

तो वाकून आत पाहू लागला. पेडलांवर लाकडी ठोकळे चामड्याच्या पट्ट्यांनी बांधलेले होते. रॉस्कोचा पाय अधू होता का, असं त्यानं विचारलं.

"ठोकळे त्यानंच केले," सिस्टर म्हणाली. तिनं पट्ट्या सोडवून ते पर्समध्ये टाकले. "एवढे माझ्याकडे राहू देत. बाकी सगळं ने."

एकच अट होती. पट्टा सप्टेंबरनंतर कायमचा बंद होणार होता. शेवटच्या शनिवारी गाडी तिथं धावली पाहिजे. "ती एक धाव आमची. मग गाडी तुझी. नाही धावली, तर परत इथंच आणून ठेवायची."

लव्हेलनं शब्द दिला. रॉस्कोचा फोटो समोर लावून आपण ती धाव घ्यायची, असं त्यानं मनाशी ठरवूनही टाकलं.

उन्हाळाभर तो राबला. ऑगस्टमध्ये गिअरबॉक्सनं हात टेकायला लावले. जुना दुरुस्त होईना, दुसरा मिळेना. आता गाडी परत करावी लागणार, अशा विचारात तो रविवारी चर्चला गेला. त्या दिवशी पास्टरांचं प्रवचन बोलता बोलता गाण्यात शिरलं. देव कुणालाही अर्धवट घडवून सोडत नाही, ही एकच ओळ ते उंच उंच नेत होते, ऑर्गन मागून त्यांना उचलत होता आणि सगळी सभा टाळ्या वाजवत उभी होती. पुढच्या बाकावर सिस्टर मांडीवर पर्स घट्ट धरून डुलत होती. लव्हेल गायला लागला, आणि सुरात गायला.

त्या आठवड्यात भंगाराच्या अड्ड्यात, एका ट्रकखाली, गिअरबॉक्स सापडला. इंजिन पहिल्यांदा गरजलं तेव्हा शेजारी सपाता घालूनच रस्त्यावर धावले. समोरच्या म्हातारीनं हात वर करून देवाचं नाव घेतलं.

शेवटच्या शनिवारी पट्ट्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. निळी शेव्हेल आत आली आणि बाकांवरच्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. "रॉस्कोची गाडी," कुणीतरी म्हणालं, आणि ते शब्द रांगेरांगेनं वर चढत गेले.

लव्हेलनं फोटो समोर काचेपाशी लावला, उतरून मागच्या सीटवरचं हेल्मेट काखेत मारलं आणि परत वळला. दाराशी सिस्टर अर्नेस्टीन उभी होती, त्याच्या खांद्यालाही न पोचणारी, रविवारची मोठी जांभळी हॅट घालून.

तिनं हॅट काढून त्याच्या हातात दिली. "चुरगाळू नकोस," ती म्हणाली, आणि त्याच्या काखेतलं हेल्मेट काढून घेतलं.

मग चालकाच्या जागेवर बसून तिनं सीट पार पुढे ओढली, पर्स उघडली आणि खाली वाकून ठोकळे एकेक करून पेडलांना बांधायला लागली.