दुसरा फ्रीज

फ्रीजरमधल्या रिव्हेटच्या ट्रेमागून पेडणेकर साहेबांनी दुधाची बाटली बाहेर काढली. "हे कुणाचं?"

"माझ्या बाळाचं, साहेब," शलाका म्हणाली. बाळंतपणाची रजा संपवून ती कालच विमानाच्या कारखान्यात परतली होती. "इथं पंपानं दूध काढते, घरी नेते. बाहेर उकाड्यात नासतं."

"आणि हे रिव्हेट?" साहेबांनी ट्रेकडे बोट दाखवलं. "भट्टीत तापवून पाण्यात बुडवलेलं अ‍ॅल्युमिनियम गारठ्यातच मऊ राहतं. दार सारखं उघडलं तर रिव्हेट आतल्या आत कडक होतील, ठोकताना तडकतील. विमानाच्या पंखाचे पत्रे जोडतात ते." दारावर त्यांच्याच अक्षरातली लाल पाटी होती: 'रिव्हेटशिवाय काहीही ठेवू नये.'

शलाकानं बाटली पिशवीत ठेवली. घरी जाताना तिनं नोकरी सोडायचं जवळजवळ ठरवलं.

सकाळी फ्रीजरशेजारी एक छोटा, जुना फ्रीज घरघरत होता. त्यावर तशीच लाल पाटी: 'दुधाशिवाय काहीही ठेवू नये.'

"साहेब..."

"घरी पडूनच होता. कामाला लागा," ते ड्रॉइंगमधून मान वर न काढता म्हणाले.

दुपारी शलाकानं त्यात बाटली ठेवली. मग वळून मोठ्या फ्रीजरचं दार घट्ट लागलंय ना, ते तळहातानं दाबून पाहिलं.