हलका, पण न हलणारा

"हा बघा, एका बोटावर पेलतो!" म्हणत दुकानदाराने ट्रायपॉड खरोखरच बोटावर तोलून दाखवला.

कॅमेरामनला त्याचं काही कौतुक वाटलं नाही. त्याने ट्रायपॉडचे पाय उघडले, सोबत आणलेला व्हिडिओ कॅमेरा वर बसवला आणि हात काढून बाजूला झाला.

"मान टाकतोय," तो म्हणाला.

खरंच, कॅमेऱ्याचं तोंड हळूहळू जमिनीकडे झुकत होतं.

"अहो, हँडल धरलं की नाही झुकणार."

"आणि कोणी धरलंच नाही तर?"

"असं कसं? तुम्ही असालच की मागे."

"विचारलं तेवढं सांगा."

गिऱ्हाईक तिरसट आहे हे दुकानदाराने ओळखलं. त्याने आतून दुसरा ट्रायपॉड आणला. हा खास प्रवासासाठी केलेला होता. घडी केली की खांद्यावरच्या पिशवीत मावायचा, हँडलही फिरवून काढता यायचं. मधल्या दांड्याला खाली हुक होता.

"हलका आहे, म्हणून वाऱ्याने पडेल असं समजू नका. हुकाला वजनदार पिशवी अडकवा, ढिम्म हलणार नाही."

कॅमेरामनने स्क्रू आवळले आणि पुन्हा हात काढला. कॅमेरा जागच्या जागी राहिला.

"खाली किती येतो? बसलेल्या माणसाच्या डोळ्यांइतका?"

"आरामात. प्रवासाला निघालात वाटतं?"

"हो."

"लांब?"

"जवळच. पण आजवर जमलं नव्हतं."

तेवढ्यात फोन वाजला. साहेबांचा होता.

बेकायदा घरं पाडणाऱ्या खात्यात तो कॅमेरामन होता. खात्याचा नियम साधा होता. कॅमेरा चालू झाल्याशिवाय पाडकाम सुरू करायचं नाही, आणि तो मध्येच बंद पडला तर पाडकामही तिथेच थांबवायचं. त्यामुळे त्याचा कॅमेरा कधी बंद पडत नसे. तो फक्त वळत असे. दारातली माणसं उठेनात, की साहेब हात वर करत. मग तो कॅमेरा जवळच्या एखाद्या झाडाकडे फिरवी. माणसांना ओढून बाजूला केलं, की पुन्हा घराकडे आणी. कागदोपत्री सगळं कसं शांततेत पार पडलेलं असे.

"अरे, उद्याचं पहिलंच घर तुझ्या बहिणीचं आहे म्हणे," साहेब म्हणाले. "तू रजा घे. मी दुसरा माणूस पाठवतो."

"नको साहेब. मीच येणार."

"रडारड होईल."

"आजवर कोणाच्या रडण्यानं माझं काम अडलंय का?"

"शाब्बास! खूण लक्षात आहे ना?"

"तुमचा हात वर, की माझा कॅमेरा झाडावर."

साहेब खूश होऊन हसले. त्याने ट्रायपॉड बांधून घेतला आणि तो तडक बहिणीच्या गल्लीत गेला.

ताईचं घर इतकी वर्षं कायदेशीर होतं. मागून मोठा रस्ता न्यायचं ठरलं आणि ते एकाएकी बेकायदा झालं. तिचे कागद बघायलाही कोणी तयार नव्हतं. भाऊ समोरच्या भिंतीपाशी उभा राहून एक डोळा मिटून काहीतरी मापतोय, हे बघून ती दारात आली.

"लाज नाही वाटली यायला?"

"कॅमेऱ्याची जागा बघतोय."

"घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. इथे तर पाठचा भाऊच फिरला!" तिचा आवाज चिरकला. "कोपऱ्यावर कडुनिंब आहे बघ. तो तरी चांगला काढ. तुझ्या शूटिंगमध्ये झाडंच फार असतात असं ऐकलंय."

त्याला ते फार लागलं. त्याने पुन्हा एक डोळा मिटून माप घेतलं.

"एक ऐकून जा. मी उद्या या उंबरठ्यावरून उठणार नाही."

"नक्की?"

"मेले तरी!"

"बरं झालं सांगितलंस. कॅमेऱ्याची उंची ठरवायला सोपं जाईल."

तिने धाडकन दार लावलं. त्याने जागेच्या खुणेला एक दगड ठेवला आणि तो निघाला.

सकाळी पाडकामाचं मशीन गल्लीच्या तोंडाशी येऊन उभं राहिलं. मागून साहेब आले. कॅमेरामन त्यांच्या आधीच हजर होता. त्याने दगडाच्या जागी ट्रायपॉड उभा केला, हुकाला खडीने भरलेली पिशवी अडकवली आणि स्क्रू कचकचून आवळले.

"ऑफिसचा स्टँड कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"तो फार जड, साहेब. उचलायला मदतनीस लागतो. म्हणून हा मी माझा आणला."

"स्वतःच्या पैशांनी? ऐका रे, निष्ठा असावी तर अशी!"

कॅमेरामनने रेकॉर्डिंग सुरू केलं. लाल दिवा लागला. साहेबांनी घड्याळ बघून वेळ मोठ्याने सांगितली आणि ते मशीनवाल्याला कुठून सुरुवात करायची ते समजावू लागले. ताई उंबरठ्यावर येऊन बसली होती. दोन शिपाई तिला उठा, उठा म्हणत होते. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती.

हे नेहमीचंच होतं. मशीनवाल्याशी बोलता बोलता, मान न वळवता, साहेबांनी हात वर केला.

शिपाई पुढे झाले नाहीत. ते साहेबांच्या मागे, कॅमेऱ्याकडे बघत होते.

साहेब वळले. कॅमेऱ्यामागे कोणीच नव्हतं. दिवा लालच होता, कॅमेऱ्याचं तोंड घराकडेच होतं आणि हँडल जागेवर नव्हतं.

"सरक जरा, ताई," हँडल खिशात कोंबत कॅमेरामन उंबरठ्यावर टेकला. "फ्रेम दोघांची लावलीय."