शरणम्माचा फोटो

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. मुरुमच्या गुंडाप्पाची पहिली बायको शरणम्मा वारली, तेव्हा तिचा एकच फोटो मागं राहिला. त्याला वाळवी लागली तर काय, या धास्तीनं त्यानं सोलापूरला जाऊन दुसरी प्रत काढून आणली. एक घरच्या ट्रंकेत कडुलिंबाच्या पाल्यात ठेवली, दुसरी सोसायटीच्या तिजोरीत. तो तिथं सेक्रेटरी होता.

दुसरी बायको गजराबाई हे बघून जळायची. तिचा फोटो काढावा, असं त्याच्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. एका दुपारी तिनं ट्रंक उघडली आणि शरणम्माला चुलीत घातलं.

गुंडाप्पा घरी आला, त्यानं रिकामी ट्रंक पाहिली. तो तसाच सोसायटीत गेला आणि तिजोरीतलं पाकीट घेऊन आला.

त्यानं फोटो बाहेर काढताच गजराबाई खांद्यावरून वाकली. फोटोत ती स्वतःच होती, अंगावर शरणम्माचं इरकल लुगडं.

"अवो, ह्यो फोटू कवा काढला?"

त्यानं मान वर केली नाही.

"बरं झालं दुसरा ठेवला," तो स्वतःशीच पुटपुटला. "न्हायतर माझ्या गजराचं काय उरलं असतं?"

इतक्या मायेनं त्यानं तिचं नाव कधीच घेतलं नव्हतं.

"म्या हितंच हाय की!" गजराबाई ओरडली.

गुंडाप्पानं डोळे पुसले आणि उठून दाराला कडी घातली, घरात आपण एकटेच असल्यासारखी.