हरवलेल्या लघुग्रहाचं बारसं

लघुग्रह सापडल्याचा निरोप सकाळी वेधशाळेतून आला आणि मधुराने चार वर्षं गुंडाळून ठेवलेला पाळणा घाईने बांधला.

प्रत्येक बाळासाठी मंगळ-गुरूच्या मधला एक लघुग्रह राखायचा आणि त्याची कक्षा पक्की झाली की दोघांचं एकाच नावाने बारसं करायचं, असा कायदा होता. इतरांचं महिन्याभरात उरकायचं. मधुराच्या मुलीचा लघुग्रह मात्र एकदाच दिसला, सूर्याआड गेला आणि हरवला. बालवाडीच्या पटावर मुलगी नुसता क्रमांक होती. तीही अशीच हरवेल या धास्तीने मधुरा तिचं बोट सोडत नसे.

आता पाळण्यात तिचे पाय मावेनात. “अगं घोडे, पाटावरच बस,” म्हणत आत्या कानात कुर्र करायला वाकली.

“तू नको सांगूस, आत्या. आम्ही दोघांनी ठरवलंय.”

“दोघं कोण गं?”

“मी आणि माझा दगड.”

मुलगी आत्याच्या कानात कुजबुजली.

“वहिनी, तू सांगितलेलं नाव नाही हं हे,” आत्या हसत म्हणाली.

चार वर्षं जपलेलं नाव मधुराच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते तिने तिथेच थांबवलं आणि आपलाही कान लेकीपुढे केला.