सारखी पडणारी मयुरा

"गोळीनं दुखणं थांबेल, पण तुमच्या शेजारीणबाई ती घेऊन चालत राहिल्या तर सांध्यातली कूर्चा झिजेल, हाडावर हाड घासेल. त्या पडतात कशा, ते आधी विचारा," आमच्या फरीदाबादच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. मी मान हलवली आणि गोळ्या घेऊन आले.

वरच्या मजल्यावरची मयुरा सारखी पडायची. कधी बाथरूममध्ये, कधी जिन्यात. तिचा नवराच गोळी मागायला यायचा. "वहिनी, स्ट्राँगवाली द्या. नव्या कंपनीचे साहेब जेवायला येताहेत, हिला उभं राहायला हवं."

आज तिची लेक भक्ती आली. "मावशी, गोळी. बाबांनी आईला पाडलं."

दिल्लीकडे वाढलेल्या पोरांचं मराठी! मी हसून सुधारलं, "पाडलं नाही गं. आई पडली म्हणायचं."

"नहीं. पडले तर मी होते, झुल्यावरून. आईला पाडलं. मग बाबा बूट घालून तिच्या गुडघ्यावर उभे राहिले."

मी धावत वर गेले. मयुरा ओट्याखाली होती, गुडघा भलतीकडेच वळलेला. मला बघून म्हणाली, "पडले गं."

तुमच्या शेजारी कुणी अशी सारखी पडत असेल, तर नुसती गोळी देऊ नका. आत्ता जाऊन तिला बघून या.